आधी अंधार द्या

पहाटे ४:२०

मृग लागायला चार-पाच दिवस बाकी, आणि रात्रभर आभाळ भरून आलेलं. अशा रात्रीनंतर माझा फोन वाजतोच. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरचा रात्रपाळीचा वॉचमन बोलत होता.

"मॅडम, लॉबीच्या काचेपाशी एक पक्षी पडलाय. पाठ हिरवी, बुडाशी लाल. डोळे उघडे आहेत, पण उडत नाही. पाणी पाजू का?"

"नको काका, थेंबसुद्धा नको. बुटाचं रिकामं खोकं मिळेल? झाकणाला चार-सहा भोकं पाडा, तळाला जुनं फडकं घाला. पक्षी रुमालात हलक्या हाताने धरून आत ठेवा आणि झाकण दोरीने बांधा. मग मी येईपर्यंत उघडायचं नाही. फोटो काढायला नाही, कुणाला दाखवायलाही नाही."

"अंधारात घाबरेल ना तो?"

"नाही काका. अंधारातच शांत होईल."

पाण्याचं कारण साधं आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडं असतं. बेशुद्धीतल्या पक्ष्याच्या चोचीत प्रेमाने घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. काचेच्या धडकेतून वाचलेले पक्षी या पाण्याने गेलेले मी पाहिले आहेत. अंधाराचं कारण मात्र मोठं आहे. पक्ष्यांच्या दवाखान्यात सलाइन, इंजेक्शन, प्राणवायू या सगळ्याच्या आधी द्यायचा उपचार म्हणजे अंधार. झाकण लागलं की छातीची धडधड उतरते, श्वास संथ होतो, पंख झाडणं थांबतं. याला खर्च काही नाही, आणि हा उपचार कुणालाही करता येतो.

तोंड धुताना खालच्या दिव्याच्या खांबावरून दयाळ गात होता. सूर्योदयाला दीड तासाहून जास्त अवकाश. दयाळ मुळातच लवकर उठणारा, पण या खांबावरचा तर तीन वाजताच सुरू होतो. जगभर ठेवलेल्या ध्वनिमुद्रकांतल्या पक्ष्यांच्या आवाजांचा अभ्यास २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जास्त उजेडाच्या ठिकाणी पक्ष्यांचा बोलका दिवस सरासरी ५० मिनिटांनी लांबतो, असं त्यात दिसलं. ही मिनिटं रात्रीतूनच कापली जातात.

५:४५

टॉवर अगदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. मागे येऊरचे डोंगर, पुढे आठपदरी रस्ता. दुमजली उंचीची काचेची लॉबी, आत कुंड्यांत पाम, वर झुंबर. बाहेर हिरवळीत पुरलेले फोकस इमारतीच्या अंगावर खालून वर उजेड फेकतात. ढग इतके खाली आले होते की वरचे मजले त्यांत शिरलेले, आणि ढगांचं पोट पिवळट पांढरं दिसत होतं.

काकांनी खोकं वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली ठेवलं होतं. वर स्वतःचा रेनकोट टाकला होता. मी मनापासून आभार मानले.

खोकं उघडलं नाही. आधी इमारतीभोवती फेरी मारली, कारण एक पक्षी सापडला की दुसरा जवळपास असतोच. तो सापडला. लॉबीच्या मागच्या काचेखाली, क्रोटनच्या कुंडीत, तिबोटी खंड्या मेलेला. तळहातात मावून उरेल एवढा जीव, वजन जेमतेम १५ ग्रॅम. जांभळट नारिंगी डोकं, निळी पाठ, शेंदरी चोच. दक्षिणेकडून रात्री उडत आलेला हा पक्षी कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठच्या मातीत बीळ खोदून पावसाळ्यात पिल्लं काढतो. जंगल तिथून एका रस्त्याच्या अंतरावर होतं.

लहान पक्षी रात्री प्रवास करतात याला कारणं आहेत. हवा गार आणि स्थिर असते, ससाणे-शिक्रे झोपलेले असतात, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. दिशा कळते ती ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून. ढग खाली आले की तारे जातात आणि पक्षीही खाली येतात. अशा वेळी जमिनीवरचा उजेड त्यांना ओढून घेतो. उजेडाच्या घुमटात शिरलेला पक्षी बाहेरच्या काळोखात जायला बिचकतो, घिरट्या घालतो, हाका मारतो. त्या हाकांनी आणखी पक्षी येतात. शेकडो किलोमीटरांसाठी साठवलेली चरबी तिथेच जळते. मग काच येते, आणि काचेपलीकडे उजळलेली पामची झाडं दिसतात. थकलेला पक्षी झाडाकडेच जाणार.

शिकागोमध्ये सरोवराकाठी मॅकॉर्मिक प्लेस नावाचं प्रचंड सभागृह आहे. ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तिथे काचांखाली जवळपास हजार पक्षी मरून पडले, एका रात्रीत. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलर्ड १९७८ पासून त्या इमारतीभोवती पडलेले पक्षी गोळा करून नोंदवत आले होते, आणि त्याच नोंदींवरून २०२१ मध्ये एक अभ्यास झाला. त्या इमारतीच्या जितक्या कमीत कमी खिडक्या आजवर उजळलेल्या राहिल्या आहेत, तितक्यांवरच दिवे ठेवले तर तिथले मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटतील, असा अंदाज निघाला. एका माणसाने चाळीस वर्षं वाकून उचललेल्या पक्ष्यांमुळे हे कळलं. आमच्या नोंदवहीत आता तारीख, जात, वजन यांच्या पुढे तीन रकाने आहेत: ढग होते का, दिवे कुठले चालू होते, पक्षी कुठल्या बाजूला पडला.

खंड्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने निघाले.

७:००

खोकं उघडलं. नवरंग.

दिवसा झुडपांखालच्या पालापाचोळ्यात उड्या मारत किडे टिपणारा हा पक्षी आठवडाभर माग काढूनही दिसत नाही, आणि इथे तो माझ्या पंजात होता. फिकट तपकिरी डोक्यावर मधोमध काळी पट्टी, डोळ्यावरून मानेपर्यंत दुसरी, वर पांढरी भुवई. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा ठिपका, शेपटीखाली कुंकवासारखा लाल. शेपूट तर नावालाच.

वजन ४६ ग्रॅम. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवलं. धष्टपुष्ट पक्ष्यात हे हाड मांसात बुडालेलं असतं, याचं धारेसारखं हाताला लागत होतं. लांबचा प्रवास आणि वर रात्रभराच्या घिरट्या. दोन्ही पंख उघडून पाहिले, उजवा किंचित लोंबत होता. काचेवर आदळणाऱ्या पक्ष्यांत खांद्याला छातीशी जोडणारं कोरॅकॉइड हाड अनेकदा मोडतं. बाहेरून काही दिसत नाही, पक्षी फक्त उंची घेऊ शकत नाही. दाबून पाहिलं तर हाड शाबूत वाटलं, नुसता मार असावा.

मग डोळे. पक्ष्याच्या बुबुळाचे स्नायू त्याच्या मर्जीने हलतात, त्यामुळे माणसासारखी बाहुलीवर टॉर्च मारून मेंदूची परीक्षा होत नाही. भिंगातून डोळ्याच्या तळाशी पाहावं लागतं. डाव्या डोळ्यात आत थोडा रक्तस्राव होता. हे त्या धडकेचं खरं माप. कातडीखाली कोमट सलाइन दिलं, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम. गिधाडांचा घात ज्या डायक्लोफेनॅकने केला ते आमच्याकडे औषधांच्या कपाटातही नसतं.

हे सगळं चार मिनिटांत आणि शक्य तितक्या मंद उजेडात. हाताळणीच्या ताणानेच पक्षी दगावू शकतो. नंतर तो पुन्हा झाकणाच्या खोक्यात, वर काळं कापड. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, डोळे तर मिटलेच आहेत, मग कापड कशाला?"

मला हा प्रश्न फार आवडतो. पक्ष्याला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग केले. दृष्टी गेलेल्या बदकांचेही वृषण उजेड वाढवल्यावर वाढले. उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचत होता. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी आंधळ्या चिमण्या घेतल्या. त्यांनाही दिवस-रात्र कळत होतं. डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचून उजेड अडवल्यावर ते कळणं मंदावलं. पक्ष्याची कवटी पातळ असते. तिच्याखाली, मेंदूत खोलवर, उजेड ओळखणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, आणि पिनियल ग्रंथी अंधार पडला की मेलाटोनिन स्रवू लागते. म्हणून पापण्या मिटून पक्ष्याची सुटका होत नाही. आपण उशीत तोंड खुपसतो. फांदीवरच्या पक्ष्याला ती सोय नाही.

९:३०

गर्दी. पहिल्या वाऱ्यापावसात वडाच्या घरट्यांतून ढोकरीची पिल्लं पडतात, ती तीन आली. मांजाने पंख कापलेली घार आली, एक कबुतर आलं. घारीला दुपारी टाके घालायचे ठरलं. नवरंग आणि खंड्याची खबर वनविभागाला दिली.

११:१५

कावळा आला तो पिशवीत. एका हॉटेलाबाहेरच्या पिंपळावर वर्षभर दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या आहेत. खोडाला, फांद्यांना, पार शेंड्यापर्यंत. त्यातल्या एका तुटलेल्या माळेची तार कावळ्याच्या पायात अडकून रात्रभर तो उलटा लोंबकळला होता. आणणारा मुलगा शेजारच्या गॅरेजमधला. म्हणाला, "मॅडम, त्या झाडावरचे कावळे झोपतच नाहीत. रात्री दोनला पण काव काव चालू असतं."

तार सोडवली. पाय वाचेल. पण वजन केलं तर २१० ग्रॅम. चांगला कावळा अडीचशेच्या वर असतो. पिसं निस्तेज, कडा झिजलेल्या. तोंडात, विष्ठेत रोगाची खूण नाही. हा कावळा उजेडाने असा झाला, असं मी ठामपणे लिहिणार नाही. एकट्या पक्ष्यावरून तसं म्हणता येत नाही, शहरात कावळ्याला खंगायला दहा कारणं आहेत. पण गॅरेजमधल्या मुलाने जे सांगितलं, ते दिल्लीच्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे.

दिल्ली विद्यापीठात विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आपल्याच गावकावळ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कावळ्यांना रात्री काळोख मिळाला नाही, त्यांची झोप मोडली, मेलाटोनिन घटलं, आणि स्मृती-भावनांशी संबंधित मेंदूच्या भागातल्या जनुकांचं काम बदललं. वागण्यात नैराश्यासारखी लक्षणं दिसली. अंगणात ओरडला तर पाहुणा येणार म्हणून आपण ज्याचं ऐकतो, पितृपक्षात ज्याची हात जोडून वाट पाहतो, त्या पक्ष्याला आपण आजारी पाडतो आहोत, हे मला कुठल्याही मेलेल्या पक्ष्यापेक्षा जास्त लागतं. काचेखालचा खंड्या निदान दिसतो. झाडावर बसलेला, उडणारा, ओरडणारा, पण आतून पोखरलेला पक्षी कुणालाच दिसत नाही.

मेलाटोनिन म्हणजे झोपेचं रसायन, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पक्ष्यात ते अंगातल्या सगळ्या घड्याळांना वेळ सांगतं: केव्हा खायचं, केव्हा पिसं टाकायची, रोगाशी केव्हा किती झुंजायचं. जर्मनीत डेव्हिडे डोमिनोनी आणि सहकाऱ्यांनी युरोपियन कस्तुरांना रात्री फक्त ०.३ लक्स उजेडात ठेवलं. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेइतका म्हणा. रस्त्याच्या दिव्याखाली याच्या कित्येक पट असतो. तेवढ्याने नरांचे वृषण जवळजवळ महिनाभर आधी वाढले आणि पिसं झडणंही आधी झालं. तोच उजेड चालू ठेवला तर दुसऱ्या वर्षी प्रजननाचं चक्र सुरूच झालं नाही. २०१३ सालचे हे निष्कर्ष. पौर्णिमा महिन्यातून एकदा येते आणि चंद्र मावळतो. पिंपळावरची माळ मावळत नाही.

माणसांनाही यात धोका आहे, आणि तो ऐकला की लोक कान टवकारतात म्हणून मी मुद्दाम सांगते. फ्लोरिडात मेरेडिथ कर्नबाख आणि सहकाऱ्यांनी घरचिमण्यांना वेस्ट नाईल विषाणूची लागण करून पाहिलं. डासामार्फत पक्ष्यांतून माणसांत येणारा हा रोग. आपल्याकडे केरळात त्याचे रुग्ण सापडले आहेत. रात्री मंद उजेडात ठेवलेल्या चिमण्या दोन दिवस जास्त काळ डासांना रोग देऊ शकतील अशा अवस्थेत राहिल्या. त्यांच्यातले मृत्यू मात्र उजेडामुळे वाढले नाहीत. २०१९ च्या त्या अभ्यासाने गणित मांडलं की साथ पसरण्याची क्षमता यामुळे ४१ टक्क्यांनी वाढू शकते. चिमणीची रात्र आपल्याला परकी नाही.

कावळ्याला मागच्या खोलीत ठेवलं. तिथल्या खिडक्यांना काळा रंग दिला आहे. औषधाच्या कागदावर मी लिहिलं: जखमेला मलम दोन वेळा, अंडं आणि भिजवलेली पोळी, रात्री साडेसात ते सकाळी सहा पूर्ण काळोख.

१:४५

डबा. भेंडीची भाजी, भाकरी. त्यानंतर घार, टाके सव्वा तास चालले.

४:००

सकाळच्याच टॉवरच्या सोसायटीच्या ऑफिसात बैठक. सेक्रेटरी, कमिटीतले चौघे आणि त्यांचा इलेक्ट्रिशियन. मेलेला खंड्या मी सोबत नेला होता. भाषणापेक्षा तो टेबलावर ठेवणं जास्त कामाचं. एक काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतका सुंदर पक्षी आपल्याकडे येतो?"

एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "डॉक्टर, हे ते आसामसारखं झालं. जटिंगाला नाही का पक्षी आत्महत्या करतात?"

"आत्महत्या नाही हो काका. पावसाळा सरताना तिथल्या डोंगरावर धुकं असतं, अमावास्येच्या आसपासच्या रात्री, वारा. पक्षी भांबावून गावातल्या दिव्यांकडे येतात. खाली बांबू घेऊन माणसं उभी असायची. निसर्ग-अभ्यासक ई. पी. गी आणि आपले डॉ. सालिम अली यांनी १९६० च्या दशकात त्याकडे जगाचं लक्ष वेधलं. पक्षी मरायला येत नाहीत, दिव्याकडे येतात."

"आणि ते फ्लेमिंगो? घाटकोपरला विमानाला धडकले ते?"

२० मे २०२४ च्या त्या रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाला धडकून चाळीसच्या आसपास रोहित मेले. ती घटना दिव्यांमुळे झाली असं मी म्हणाले नाही, कारण तसं सिद्ध झालेलं नाही. सगळ्याचं खापर उजेडावर फोडलं की उजेडाबद्दलचं खरं म्हणणंही पातळ होतं.

मग मुद्द्याची गोष्ट आली. सेक्रेटरी म्हणाले, "दिवे बंद केले आणि चोरी झाली तर? लेडीज रात्री उशिरा येतात."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. मीही रात्री उशिरा घरी परतते. पायवाटेवरचा, पार्किंगमधला, गेटवरचा दिवा मी कधीच बंद करायला सांगत नाही. मी विचारलं, "हिरवळीतले ते फोकस कुणाला उजेड देतात?" इलेक्ट्रिशियनच बोलला, "कुणालाच नाही मॅडम. ते बिल्डिंग दिसायला लावलेत. रात्रभर चालतात."

त्याच्याशी बोलणं सोपं गेलं. यादी आम्ही दोघांनी मिळून केली. फोकस रात्री दहाला टायमरने बंद. मेअखेर ते जूनअखेर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या काळात, लावायचेच नाहीत. वाटेवरच्या खांबांना वरून टोपी, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल आणि आकाशात जाणार नाही. निळसर पांढऱ्या सहा हजार केल्विनच्या बल्बऐवजी पिवळसर, तीन हजारच्या खालचे. लॉबीचं झुंबर अकरानंतर बंद, वॉचमनच्या टेबलापुरता दिवा चालू. गच्चीच्या जिन्याला सेन्सर. रंगाबद्दल एक सांगायला हवं. कुठला रंग पक्ष्याला कमी ओढतो यावर अभ्यासांचं एकमत नाही. जात बदलली की उत्तर बदलतं. दिवा कमी, खाली वळलेला आणि वेळेवर बंद, या तीन गोष्टींवर मात्र वाद नाही.

"पण एका बिल्डिंगने काय फरक पडणार?" काकूंनी विचारलं.

न्यूयॉर्कचं उदाहरण मी अशा वेळी देते. ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी प्रखर दिव्यांचे दोन झोत आकाशात सोडतात. सात वर्षांतल्या सात रात्रींत त्या झोतांनी सुमारे ११ लाख पक्ष्यांना वेढलं, असं रडारच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. झोताभोवतीची गर्दी एरवीच्या वीसपटीपर्यंत जायची. पण पक्षी फार जमले की तिथे दिवे थोडा वेळ बंद करतात, आणि बंद केल्यावर काही मिनिटांत पक्षी पांगून मार्गाला लागतात. नदीत सांडलेलं रसायन काढायला वर्षं जातात, हवेतला धूर बसायला दिवस जातात. उजेडाचं तसं नाही. बटण दाबलं की त्याच रात्री फरक पडतो, त्या इमारतीपुरता तरी.

विदर्भातलं पेंच सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी वहीत लिहून घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' झाला. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्याचे दिवे खाली तोंड करणारे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत, उजेड फक्त जागेवर आला. झाडांवरच्या माळांचा प्रश्नही २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिकेतून आला आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर या महापालिकांकडे न्यायालयाने उत्तर मागितलं. आपल्या गेटवरच्या गुलमोहराला गुंडाळलेली माळ काढायला मात्र कोर्टाची वाट पाहायची गरज नाही, असं मी म्हणाले. काकू लगेच म्हणाल्या, "ती आजच काढा."

फोकसबाबत महिनाभर करून पाहू, असं ठरलं. सेक्रेटरींना वीजबिलाचा आकडा जास्त पटला असावा. माझी तक्रार नाही. नवरंगाला कारणाशी देणंघेणं नसतं.

६:०५

येऊरच्या बाजूला, वनरक्षकांसोबत. काल आलेला दुसरा एक तिबोटी खंड्या आज सोडायचा होता. त्याला मार कमी होता, थकवा जास्त. काल दिवसभर काळोख, संध्याकाळी लहान मासे आणि नाकतोडे, आज सकाळी जाळीच्या लांब खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उड्डाण. एवढा लहान पक्षी जास्त दिवस ठेवायचाच नसतो, पिंजऱ्यात तो झपाट्याने झिजतो.

सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास. त्याआधी तासभर मिळाला तर पक्षी आसरा शोधतो, जमलं तर एखादा किडा टिपतो. पहिल्या सरींनी ओढ्यात घोटाभर पाणी आलं होतं. खोकं ओढ्याकाठच्या दगडावर ठेवून झाकण उघडलं आणि मागे सरलो. मिनिटभर काही नाही. मग निळी रेघ, पाण्याच्या पातळीलगत, वळणापलीकडे. वनरक्षकांनी वेळ लिहून घेतली.

परतताना टेकाडावरून ठाणं दिसलं. दिवेलागणीची वेळ, आणि ढगांची खालची बाजू एकेक करत उजळत गेली. जंगलाची ही अख्खी कड रात्रभर तशीच राहते. इथे झोपणाऱ्या पक्ष्यांना शहरात पाऊल न टाकता शहराची रात्र मिळते. जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी दिसणारे तारे मोजून पाठवलेल्या नोंदींचा हिशोब २०२३ मध्ये आला. २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दरवर्षी जवळपास १० टक्क्यांनी जास्त उजळत गेलं. या वेगाने आठ वर्षांत उजेड दुप्पट होतो. आज जन्मलेला कावळा म्हातारा होईपर्यंत त्याचं आकाश कुठे गेलेलं असेल, याचा हिशोब मी रिक्षात बसून केला. न केला असता तर बरं झालं असतं.

८:४०

शेवटची फेरी, लाल टॉर्च घेऊन. नवरंगाने खोक्यात ठेवलेली गांडुळं संपवली होती. डोळ्यातला रक्तस्राव वाढलेला नाही. आणखी निदान दोन दिवस ठेवायचा. कावळा एका पायावर, मान पिसांत खुपसून. घार शुद्धीवर.

शिकाऊ मुलगी ढोकरीच्या पिल्लांच्या खोलीत दिवा लावून बसली होती. सर्वांत लहान पिल्लू दिवसा कमी खातं, म्हणून रात्री दोनदा उठून भरवावं असं तिच्या मनात होतं. हेतू सोन्यासारखा. मी तिला शेजारी बसवून सांगितलं. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या संशोधकांनी रामगंगा पक्ष्याच्या युरोपीय भाईबंदांच्या, ग्रेट टिटच्या, घरट्यांत दोन रात्री छोटा एलईडी लावून ठेवला. अंधारातल्या पिल्लांचं वजन त्या काळात वाढलं, उजेडातल्यांचं वाढलं नाही. रक्तात दाहाची खूण सांगणारं प्रथिन वाढलेलं मिळालं. पिल्लू झोपेत वाढतं. ढोकरीचं पिल्लू दिवसउजेडीच खाणारं आहे, त्याचं राहिलेलं खाणं पहाटे सहाला थोडं थोडं, जास्त वेळा द्यायचं. तिने वेळापत्रक खोडून नवं लिहिलं आणि दिवा बंद केला.

तरी खोली पूर्ण काळी झाली नाही. कंपाउंडबाहेरच्या खांबाचा उजेड झरोक्यातून थेट पिल्लांच्या टोपलीवर येतो. झरोका बंद करता येत नाही, हवा कोंडते. आत्तापुरती टोपलीवर पुठ्ठ्याची आडवी पट्टी बांधली. मग ऑफिसात येऊन आमच्या भागाच्या पालिका कार्यालयाला अर्ज लिहायला बसले. दिवा काढा असं त्यात नाही. दिव्याच्या मागच्या बाजूला पत्र्याचा आडोसा बसवा, म्हणजे रस्त्यावर आहे तेवढाच उजेड राहील आणि पिल्लांच्या खोलीत येणार नाही, एवढंच. सोबत खांबाचा क्रमांक, झरोक्याचं आणि खांबाचं अंतर, आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने दुपारी कागदावर काढून दिलेली आडोशाची आकृती मापांसह जोडली.

त्याच्या हिशोबाने दोन फूट पत्रा आणि चार नट-बोल्ट लागतील. खर्च आम्ही करतो, फक्त खांबाला हात लावायची परवानगी द्या, असं शेवटी जोडून सही केली.